दुसऱ्या मंगळवारचा वार: दुकानातल्या कॉम्प्युटरचं मासिक अपडेट कसं सांभाळायचं

बेळगावच्या शहापुरातलं डीटीपीचं दुकान, ऐन लग्नसराई, सकाळचे साडेदहा. पत्रिकेचं प्रूफ बघायला नवऱ्यामुलाचे काका आलेत. एका पानावर मराठी, दुसऱ्या पानावर कन्नड, कारण मुलीकडचे बैलहोंगलचे. मालकांनी कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर ठिपके गोल फिरायला लागले: वर्किंग ऑन अपडेट्स, २७ टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. काका पाच मिनिटं बसले, दहा मिनिटं बसले. "काय वो, हे अजून किती वेळ?" चहा पिऊन येतो म्हणून गेले ते संध्याकाळीच उगवले. तोवर मालकांनी मला फोन लावलेला: "ते अपडेट कायमचं बंद करून टाका बघू एकदा."

हे वाक्य मी बेळगावात, निपाणीत, खानापुरात किती वेळा ऐकलंय त्याला हिशोब नाही. आणि खोटं कशाला सांगू, सुरुवातीची काही वर्षं मी ते मुकाट्यानं करूनही दिलं. सर्व्हिसेसच्या यादीत जायचं, विंडोज अपडेट शोधायचं, डिसेबल करायचं, शंभर रुपये खिशात. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. आता करत नाही. का करत नाही आणि त्याऐवजी काय करतो, ते सगळं इथं लिहितोय.

आपल्या गावांत वार पाळणूक असते. पंचांनी एकदा सांगितलं की अमुक मंगळवारी, अमुक शुक्रवारी शिवारात जायचं नाही, की त्या दिवशी कुणी औत जुंपत नाही. वार आला म्हणून कुणी चिडतही नाही, कारण तो आधीपासून ठाऊक असतो आणि कामं त्या हिशोबानं मागंपुढं लावलेली असतात. विंडोजचाही असा एक ठरलेला वार आहे. तोही मंगळवारच.

## वार नेमका कधी पडतो

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट्स सोडतं. त्याआधी ती तयार होतील तशी यायची. वेळ ठरलेली आहे: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करतात, त्यामुळे आपल्याकडे साधारण मार्च ते नोव्हेंबर रात्री साडेदहाला आणि बाकीच्या महिन्यांत साडेअकराला. तोवर खडेबाजारातली शटरं कधीच खाली आलेली असतात. म्हणून आपल्याला ते भेटतं बुधवारी सकाळी, गिऱ्हाईक दारात असताना.

इथं एक गफलत होते. दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार हा दर वेळी दुसरा बुधवार नसतो. २०२६ चा एप्रिल घ्या: महिना बुधवारीच सुरू होतो, दुसरा मंगळवार १४ तारखेला, म्हणजे आपला बुधवार १५ चा, महिन्यातला तिसरा. तेव्हा बुधवार मोजत बसू नका. ८ ते १४ तारखांच्या मधे जो मंगळवार येतो त्याला कालनिर्णयावर पेनानं गोल करा आणि पुढच्या शनिवारवर फुली मारा, अपडेट बसवायचं त्या दिवशी. जानेवारीत एकदा बसलात की वर्षाचं काम पाच मिनिटांत होतं.

त्या रात्री येतं काय काय? मुख्य म्हणजे एक मोठं क्युम्युलेटिव्ह अपडेट. सोसायटीच्या हप्त्याच्या पावतीत मागची थकबाकी ओढून घेतलेली असते ना, तसंच: या महिन्याच्या अपडेटमध्ये मागच्या सगळ्या महिन्यांची दुरुस्ती असते. सहा महिने घेतलं नसेल तर सहा वेळा बसायची गरज नाही, शेवटचं एक घेतलं की बाकी वसूल. सोबत डॉटनेटचं (बरेच प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात त्याचं) छोटं अपडेट येतं आणि व्हायरस काढणारं एक साधन येतं, ते गुपचूप चालून निघून जातं. याशिवाय महिन्याच्या चौथ्या आठवड्यात प्रिव्ह्यू नावाचं एक ऐच्छिक अपडेट दिसतं. दुकानाच्या मशीनवर ते घेऊ नका. पुढच्या महिन्यात येणाऱ्या दुरुस्त्यांची ती चाचणी असते. चाचणी दुसऱ्यांच्या मशीनवर होऊ द्या. सुरक्षेत फारच मोठं भोक सापडलं तर मात्र वार न बघता अधेमधेही अपडेट येतं. ते ऐच्छिक यादीत न दिसता सरळ सुरक्षेचं म्हणून आलं असेल, तर शनिवारची वाट बघू नका.

## "आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न हमखास येतो. मग मी झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्सचं फोल्डर उघडून दाखवतो. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, जमिनीचे उतारे, दहावीची मार्कलिस्ट, कुणाच्या तरी बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. दोन-दोन वर्षांपूर्वीचं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि हल्लेखोर काही खडेबाजारात येऊन दुकान निवडत नाही. १४ मार्च २०१७ च्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारं अपडेट आलं. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, वॉनाक्राय नावाचा किडा त्याच भोकातून आत शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांच्या फाइली कुलूपबंद करून तीनशे डॉलर मागायला लागला. त्यासाठी कुणी कशावर क्लिक करायची गरजच नव्हती. एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर तो आपणहून जात होता. ज्यांनी त्या दोन महिन्यांत कधीही अपडेट घेतलं होतं, त्यांच्या मशीनवर त्याला ही वाट मिळाली नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. अपडेट बाहेर पडलं की चोरांनाही ते मिळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवली की नेमकं काय बुजवलंय ते त्यांना दिसतं, म्हणजे ज्यांनी अजून बुजवलं नाही त्यांच्या घरात कुठून शिरायचं तेही कळतं. म्हणून चार दिवस थांबणं समजू शकतो, चार महिने नाही.

## एकदाच करून ठेवायची कामं

ही कामं एका निवांत दुपारी करा. पुन्हा करावी लागत नाहीत.

आधी बघा, मशीनवर काय आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत विनव्हर टाइप करा (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) आणि एंटर. विंडोज १० की ११, आणि पुढं २२एच२, २४एच२, २५एच२ असं काहीतरी दिसेल. हा आकडा महत्त्वाचा आहे. नुसतं 'विंडोज ११ आहे' म्हणून भागत नाही. प्रत्येक आवृत्तीची मुदत वेगळी. ११ च्या होम आणि प्रो मध्ये २३एच२ ची अपडेट्स ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात. मुदत संपलेल्या आवृत्तीवर बसून मासिक अपडेटची वाट बघणं म्हणजे बंद पडलेल्या गाडीची स्टँडवर वाट बघणं.

दुसरं, विंडोज क्रॅक केलेलं आहे का ते स्वतःशी तरी कबूल करा. ॲक्टिव्हेटर नावाची ती छोटी फाइल बऱ्याचदा अपडेटची सर्व्हिसच बंद करून ठेवते आणि अँटिव्हायरसला आपल्याकडे बघू नको म्हणून सांगते. त्या फाइलमध्ये आणखी काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. यावर माझं मत एकच: लायसन्स घ्या. दुकानाला रंग लावायला जेवढे जातात त्याहून कमीच जातात.

तिसरं, ॲक्टिव्ह अवर्स. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं ॲक्टिव्ह अवर्स. ते आपोआप ठरवण्यावर असतं, हातानं ठरवा. सकाळी नऊ ते रात्री दहा असं भरलं की त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट घेत नाही. जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. एक पान मागं, विंडोज अपडेटच्या मुख्य पानावर, 'अपडेट मिळेल तितक्या लवकर द्या' अशा अर्थाचा एक खटका असतो, तो दुकानाच्या मशीनवर बंद ठेवा. आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधला 'मायक्रोसॉफ्टच्या इतर प्रॉडक्ट्सची अपडेट्स द्या' हा खटका चालू करा, म्हणजे ऑफिसचीही दुरुस्ती सोबतच होते.

चौथं, एकापेक्षा जास्त मशिनं असतील, म्हणजे सायबर, क्लासेस, सोसायटीचं ऑफिस, तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करून 'फक्त माझ्या लोकल नेटवर्कवरची मशिनं' हा पर्याय निवडा. मग एकानं उतरवलेलं अपडेट बाकीची मशिनं त्याच्याकडूनच घेतात. अनगोळच्या एका क्लासमध्ये बारा मशिनं एका कनेक्शनवर आहेत. हा खटका लावण्याआधी महिन्यातून एक दिवस तिथं कुणाचाही व्हिडिओ चालायचा नाही.

पाचवं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात मी स्वतः मार खाल्लाय. नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावानं. रोज ते कळतच नाही. पण कधीतरी अपडेटनंतर किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बदल झाला की लॅपटॉप निळा पडदा दाखवून ४८ आकडी किल्ली मागतो. हिंडलग्याच्या एका शिक्षकांच्या लॅपटॉपचं अपडेट मी स्वतः सोडलं आणि तो पडदा आला. किल्ली त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. खातं दुकानदारानं लॅपटॉप देताना उघडून दिलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. मुलीच्या लहानपणचे फोटो त्यात होते. खातं परत मिळवायला दहा दिवस लागले. मिळालं हे नशीब. तेव्हापासून मी कुठल्याही लॅपटॉपला हात लावण्याआधी सर्चमध्ये बिटलॉकर टाइप करून बघतो, किल्ली सेव्ह करतो, कागदावर छापतो आणि तो कागद मालकाच्या हाती देतो. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायला नाही, कपाटात ठेवायला.

शेवटचं, जागा. सी ड्राइव्हवर निदान वीस जीबी मोकळे असू द्या. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथं गेलात की 'विंडोज अपडेट क्लीनअप' सापडेल, त्याला टिक करा. पण त्याच यादीत डाउनलोड्स असंही एक नाव असतं. त्यावर चुकून टिक राहिली तर गिऱ्हाइकाच्या फाइली गेल्या. हात थांबवून यादी वाचा.

## दर महिन्याचा क्रम

बुधवारी सकाळी काहीही करू नका, फक्त बघा. सेटिंग्ज, विंडोज अपडेट. तिथं अपडेट आलेलं दिसेल, कदाचित आपोआप उतरतही असेल. दुकानात गर्दी असेल तर 'पॉज फॉर वन वीक' दाबा आणि कामाला लागा. हे पॉज अधिकृत आहे, त्यात लपूनछपून काही नाही. पाच आठवड्यांपर्यंत वाढवता येतं, मग मात्र अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा पॉज मिळत नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, पावतीपुस्तकं आणि बॅनरांच्या धांदलीत, मी स्वतःच लोकांना पॉज करायला सांगतो.

गुरुवार-शुक्रवारी एका मशीनवर घ्या. ज्यावर बिलिंग नाही, ज्यावर पतसंस्थेचं सॉफ्टवेअर नाही असं एखादं. एकच मशीन असेल तर हे दोन दिवस नुसते जाऊ द्या. मायक्रोसॉफ्ट आपल्या रिलीज हेल्थच्या पानावर कुठल्या अपडेटमुळे काय बिघडतंय ते लिहितं, काही मोठं असेल तर तोवर तिथं आलेलं असतं. अपडेट कधीच चुकत नाही असं मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ ला जगभरचे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले, विमानं जमिनीवर राहिली. लोक अजून मला ते ऐकवतात. ते विंडोजचं मासिक अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकदम सगळीकडे गेली होती. पण धडा तोच घ्यायचा: आधी एक मशीन, मग बाकीची.

शनिवारी संध्याकाळी, गिऱ्हाईक ओसरल्यावर, खरं काम. आधी बॅकअप. टॅलीचं डेटा फोल्डर, डी ड्राइव्हवरची डीटीपीची कामं, सोसायटीच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, हे सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर. उतरवून झाल्यावर डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क कुलूपवाल्या व्हायरसलाही तेवढीच जवळ असते. रिस्टोअर पॉइंट करायचा तर करा, पण तो तुमच्या फाइली वाचवत नाही, फक्त विंडोजच्या फाइली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज मागं नेतो. बरेच जण यालाच बॅकअप समजतात.

मग पॉज काढा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, उतरू द्या, बसू द्या. शेवटी रीस्टार्ट मागेल. इथंच निम्म्या लोकांचं अडतं. खानापूरच्या एका मावशी मला सांगत होत्या, "मी रोज बंद करूनच घरी जातो की, मग अपडेट का होत नाही?" (आमच्या भागात बायकाही 'जातो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) मावशी रोज काय बंद करत होत्या, तर भिंतीवरचं मेन बटण. कधी नीट शटडाऊन केलं तरी नुसत्या शटडाऊननं अपडेट पुरं होत नाही. मेन्यूत 'अपडेट अँड शटडाऊन' किंवा 'अपडेट अँड रीस्टार्ट' असं शेजारीच दिसतं, ते निवडावं लागतं. मी रीस्टार्टच सांगतो. डोळ्यांदेखत परत चालू झालेलं बघून मग घरी जावं.

वहीत एक ओळ लिहा: तारीख, मशीन, केबीपुढचा आकडा. प्रत्येक अपडेटला केबी आणि सात आकडे असा नंबर असतो, अपडेट हिस्टरीत दिसतो. काही बिघडलं तर मला फोनवर 'परवा काहीतरी आलं होतं' ऐवजी नंबर सांगता येईल.

## वीज आणि नेट

अपडेट बसत असताना वीज गेली की काय होतं ते मी निपाणीजवळच्या एका दुकानात बघितलंय. वळवाचा पाऊस, ६४ टक्के, आणि अंधार. विंडोज बहुतेक वेळा 'बदल मागं घेत आहे' म्हणून स्वतःला सावरतं. त्या दिवशी नाही सावरलं. तीन तास गेले. दुकानातला छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो, तो फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता असतो. अपडेटला इन्व्हर्टरची लाइन हवी, किंवा मग आभाळ बघून काम. हेस्कॉमची दुरुस्ती असेल तर पेपरात आदल्या दिवशी येतं, तेवढं वाचून शनिवार की दुसरा दिवस ते ठरवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवाच.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात लाइन पडली की कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात. अशा वेळी वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर सकाळीच दिवसाचा डेटा संपतो. पण मग बरीचशी अपडेट्स आपोआप उतरत नाहीत, हे लक्षात ठेवून महिन्यातून एकदा मशीन बेळगावला न्यावं. तेही जमत नसेल तर पेन ड्राइव्ह. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर केबीचा नंबर टाकायचा, आपल्या आवृत्तीची आणि प्रोसेसरची (बहुतेकांची एक्स-६४) फाइल उतरवायची आणि गावी नेऊन डबल क्लिक. २४एच२ पासून कधीकधी दोन फाइली दिसतात, आधीची चेकपॉइंट आणि आताची. दोन्ही एकाच फोल्डरात ठेवा.

## झाल्यावर काय बघायचं

डेस्कटॉप दिसला म्हणजे झालं असं समजू नका. पाच मिनिटं द्या. एक प्रिंट काढा. श्रीलिपीत एक ओळ मराठी टाइप करा, नुडीत एक ओळ कन्नड. फाँट काही पळून जात नाहीत, पण मोठ्या वार्षिक अपडेटनंतर कीबोर्डांचा क्रम कधी बदललेला असतो. ग्राम वन किंवा तसलं सरकारी सेवा केंद्र असेल तर अंगठ्याचं मशीन लावून बघा, डिजिटल सहीची टोकन लावून बघा. टॅली उघडा. सोमवारी सकाळी रांगेसमोर कळण्यापेक्षा शनिवारी रात्री कळलेलं बरं.

प्रिंटरवर माझा विशेष डोळा असतो, त्याला कारण आहे. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंटिंगमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं मोठं भोक उघड झालं आणि पुढचे तीन-चार महिने ते बुजवणारी अपडेट्स येत राहिली. सप्टेंबरच्या अपडेटनंतर एका मशीनला लावलेला आणि दुसऱ्यानं शेअरिंगवर वापरायचा प्रिंटर ठिकठिकाणी बंद पडला, एररच्या शेवटी ११बी. त्या आठवड्यात माझा फोन थांबला नाही. सगळे टेक्निशियन अपडेट काढत सुटले होते, मीही दोन ठिकाणी काढलं. नंतर कळलं की दोन्ही मशिनांवर अपडेट घेतलं आणि प्रिंटर शेअरिंगऐवजी नेटवर्कच्या वायरनं थेट आयपी पत्त्यावर जोडला की काही काढायची गरज नाही. आता नवा प्रिंटर घेणाऱ्याला मी सांगतो: हजारभर रुपये जास्त गेले तरी चालतील, नेटवर्कवाला घ्या.

## अडकलं तर

टक्के हलत नाहीत म्हणून बटण दाबून बंद करू नका. जुन्या हार्डडिस्कच्या मशीनला दोन तासही लागतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. (तीच डिस्क काढून एसएसडी टाकली तर हे काम मिनिटांवर येतं; अपडेटला शिव्या घालणाऱ्या दहांपैकी आठ जणांचं दुखणं डिस्कचं असतं, हा माझा अनुभव.) दोन तास दिवा अगदी मेलेला असेल तरच पॉवरचं बटण धरून बंद करा.

विंडोज चालू होतंय पण काहीतरी बिघडलंय: अपडेट हिस्टरीत खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स', तिथं वहीतला केबी शोधून काढा, आणि लगेच आठवडाभर पॉज, नाहीतर तेच रात्री परत येतं. विंडोज चालूच होत नाही: दोन-तीनदा अर्धवट चालू होऊन पडलं की ते स्वतः दुरुस्तीचा पडदा दाखवतं. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स, तिथं शेवटचं क्वालिटी अपडेट, म्हणजे हे मासिक अपडेट, काढायचं. या वेळी बिटलॉकरची किल्ली मागितली जाऊ शकते. कपाटातला कागद.

अपडेट उतरतं पण बसत नाही, दर वेळी फेल: आधी जागा बघा, मग तारीख-वेळ. बायोसची बॅटरी संपलेल्या मशीनवर साल २०१५ असतं आणि कुठलंच सर्टिफिकेट जुळत नाही. चाळीस रुपयांच्या सेलनं सुटणारा प्रश्न लोक फॉरमॅट करून सोडवतात. तरी नाही झालं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी डिझम (डी, आय, एस, एम), मग स्पेस सोडून स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ते शंभर टक्के झालं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. रीस्टार्ट. विंडोज ११ वर याहून सोपं औषध आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करा' अशा अर्थाचं बटण. फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून ते विंडोज नव्यानं बसवतं. काही जीबी डेटा खातं, तेवढी तयारी ठेवा.

## खोटं अपडेट

ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण पडदा निळा होतो, हुबेहूब विंडोजसारखे टक्के फिरतात आणि मग सूचना येते: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही दाबा, एंटर दाबा. हा चोर आहे. तुमच्याच हातानं त्याची आज्ञा मशीनवर चालवून घेतोय. खरं अपडेट ब्राउझरमधून येत नाही, व्हॉट्सॲपवर येत नाही, फोनवर 'मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय' असं म्हणत येत नाही, आणि कधीही काही पेस्ट करायला सांगत नाही. शंका आली तर आल्ट आणि एफ-४ दाबून खिडकी बंद करा. बंद झाली तर ते अपडेट नव्हतंच. पैसे गेले असतील तर मिनिटंही न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन.

## विंडोज १० आणि त्याहून जुनी मशिनं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. आपल्या बाजारपेठेत निम्मी मशिनं तरी अजून १० वरच दिसतात, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. घरच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्सची सोय आहे. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल नाऊ' दिसेल. सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हवर चालू केला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा तीस डॉलर. संस्थांना वेगळी योजना आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढं दर वर्षी दुप्पट. पतसंस्थांच्या संचालकांना हा आकडा सांगितला की नव्या मशीनचा ठराव त्याच बैठकीत मंजूर होतो.

११ वर जायचं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), चार जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. बऱ्याच मशिनांत टीपीएम असतंच, फक्त बायोसमध्ये बंद असतं. फेकण्याआधी तेवढं बघून घ्या.

आणि पेजमेकरचं (डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं) ते विंडोज ७ वालं मशीन, मागं सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डोंगल खुपसलेलं, ज्यावर वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने आहेत? ते मीही कुणाला फेकायला सांगत नाही. नेटची वायर काढा, वायफायचं कार्ड असेल तर तेही काढा. फाइली एकाच ठरलेल्या पेन ड्राइव्हनं न्या-आणा, आणि तो पेन ड्राइव्ह दर वेळी आधी नव्या मशीनवर तपासा. शहापुरातल्या मालकांनी त्या मशीनच्या नेटच्या खोबणीत एम-सील भरून टाकलंय, कुणी चुकून वायर लावू नये म्हणून.